खारोडीताई आणि कुरडईताई

आमच्या पुढच्या खोलीवर दोघांचा डोळा होता. एक मी, दुसरे सर्जेराव भाऊजी. फरक एवढाच, की माझं सामान आत होतं.

भाऊजी म्हणजे यांचे चुलतभाऊ. हसनाबादच्या चौकात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि पेरणीच्या आधी माल ठेवायला त्यांना जागा कमी पडते. माझ्या खोलीत खारोड्यांचे डबे, कुरडयांचे डबे, वजनकाटा आणि पाकिटाचं तोंड चिकटवायचं मशीन. बाजरी भरडून, लसूण-तीळ-मिरची घालून शिजवायची आणि बोटांनी चिमूट चिमूट घालून उन्हात वाळवायची, ही आमची खारोडी. हात माझ्या सासूबाईंचा, झुंबरबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पाकिटावरचं नाव मात्र माझं, कारण मशीन मला चालवता येतं.

होळीच्या दिवशी पुरणपोळी खाता खाता भाऊजींनी खोलीचा विषय काढला. पोळी माझी, तूप माझं, आणि खोलीही माझीच.

"वैनी, तुमचे चार डबे माळवदावर बी राहतील की," ते म्हणाले.

"तुमची खतं ठेवा माळवदावर. हवेशीर आहे."

आमचे हे, रामकिसनराव, भांडण सुरू झालं की ताटाकडे बघतात. त्या दिवशी मात्र बोलले. "अक्षय तृतीयेपर्यंत थांब, सर्जेराव. हिची ती वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आली तर खोली हिची. मंग कोणी नाव काढायचं न्हाई. न्हाई आली, तर तू पोती आण."

"पहिल्या पानावर, पण कोणाच्या?" मी विचारलं.

"माझ्या. माझ्या मोबाईलवर मला दिसली पाहिजे. नाहिदच्या त्या लॅपटॉपातलं मला काय समजत न्हाई."

नाहिद शेजारच्या मुबारकभाईंची सून. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करते, लोकांच्या वेबसाइट वर आणायचं. माझी वेबसाइट तिनंच केली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आण वर."

"चाची, लिफ्ट आहे का ती?" नाहिद म्हणाली. मग तिनं समजावलं. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर आपली लिंक असली की गूगलला वाटतं, या बाईला चार घरं ओळखतात. तिच्या ऑफिसातले साहेब सांगतात, लोकांच्या ब्लॉगखाली कॉमेंट टाकत सुटा, प्रत्येक कॉमेंटबरोबर आपली लिंक जाते, नंबर वर येतो. नाहिदचा यावर बिलकुल विश्वास नव्हता.

"मग करायचं का नाही?"

"आधी तपासायचं. तुमची दोन पेज आहेत. एक खारोडीचं, एक कुरडईचं. दोन्ही एकाच दिवशी टाकलीत, दोन्ही पाचव्या पानावर पडलीत. आता खारोडीच्या नावानं कॉमेंट टाकायच्या. कुरडईच्या पेजला हात लावायचा नाही. खारोडी वर गेली आणि कुरडई तिथंच राहिली, तर साहेब खरे. मग दोघींच्या नावानं जोरात टाकू."

आत्याबाईही सूप घेऊन माझ्याबरोबर आल्या होत्या, तिथंच बसून गहू निवडत होत्या. "अन् तोवर कुरडईला कायीच न्हाई?"

"नाही दादी. तिला काही द्यायचं नाही, तरच फरक कळेल."

"त्या बिचारीनं काय केलं?"

"काही केलं नाही. म्हणूनच ती उपयोगी."

आत्याबाईंनी सुपाला एक जोरदार झटका दिला. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

कॉमेंटच्या चौकटीत नाव विचारतात, ईमेल विचारतात आणि वेबसाइट विचारतात. वेबसाइटच्या रकान्यात लिंक टाकली की झालं. नावाच्या जागी नाहिदनं लिहायला सांगितलं, 'बाजरीची खारोडी'. मजकूर तिनं ठरवूनच दिला होता: छान माहिती, असेच लिहीत राहा.

पहिलाच ब्लॉग निघाला पुण्याच्या एका माणसाचा. तो कुठल्यातरी गडावर गेला होता आणि अर्ध्या वाटेत त्याची पाण्याची बाटली दरीत पडली. स्टीलची होती. बायकोनं वाढदिवसाला दिलेली. आता माणसाची बायकोनं दिलेली बाटली गेली आणि मी खाली लिहू, छान माहिती? मला काही लिहिवेना. मी लिहिलं, "बाटली सापडली का? घरी काय सांगितलंत?"

संध्याकाळी उत्तर आलं. "नाही सापडली, खारोडीताई. अजून घरी सांगितलेलं नाही."

तेव्हापासून मी खारोडीताई झाले.

आत्याबाईंना लिहिता येत नाही, पण मोबाईलवर माईकचं चित्र दाबून बोललं की अक्षरं उमटतात, हे त्यांना नाहिदनं शिकवलं. दुपारी कुरडयांचा चीक घालून झाला की आम्ही दोघी खोलीत पंख्याखाली बसायचो. मी वाचून दाखवायचे, त्या माईकला तोंड लावून ओरडायच्या, कारण ब्लॉगवाले लांब राहतात.

लातूरच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या गच्चीतल्या वांग्यांवर कीड पडलीय. आत्याबाई ओरडल्या, "चुलीची राख टाक, बाई! अन् सकाळच्या पारी टाक, उन्हाचं न्हाई!" गेलं तसंच्या तसं. आठवडाभरानं बाईंनी वांग्याचा फोटो टाकला. आत्याबाईंनी तो फोटो सगळ्या गल्लीला दाखवला, नातू झाल्यासारखा.

एकदा चुकून आम्ही एका वकिलाच्या ब्लॉगवर गेलो. नवरा-बायकोनं राजीखुशीनं वेगळं व्हायचं असेल तर काय कागद लागतात, असा तो लेख. आत्याबाईंनी सगळा ऐकून घेतला आणि सांगितलं, "आधी दोघांला समोरासमोर बसवून जेवू घाल. मंग कागद कर." वकिलानं ती कॉमेंट काढून टाकली. आत्याबाई म्हणाल्या, "त्याचं गिऱ्हाईक जाईल ना."

नाहिद दर शुक्रवारी नंबर बघायची. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची. त्या खिडकीत गूगल आपल्याला ओळखत नाही, म्हणाली. आपण रोज काय बघतो, कुठं जातो, ते सगळं विसरून अनोळखी माणसासारखं वागतं. म्हणून खरा नंबर कळतो. सरकारी ऑफिसात माझं असंच होतं, त्यामुळे मला लगेच समजलं.

पहिल्या शुक्रवारी खारोडी पाचव्या पानावर, कुरडई पाचव्या पानावर. दुसऱ्या शुक्रवारी तेच. पाडवा झाला तरी तेच. भाऊजी येता-जाता खोलीच्या दारात उभे राहून आत बघायचे, मुलगी बघायला आल्यासारखे.

"किती रुंद असंल वैनी ही?"

"तुमच्या पोत्यांपेक्षा जरा कमीच आहे."

मग एका शुक्रवारी नाहिदचा चेहरा बदलला. "चाची, कुरडई खारोडीच्या वर गेलीय. थोडीशीच. पण जिला आपण हातसुद्धा लावला नाही, ती हललीच कशी?"

तिनं जिथं जिथं आम्ही कॉमेंट टाकली होती ते सगळे ब्लॉग उघडायला सुरुवात केली. पहिलाच बाटलीवाल्याचा. माझ्या प्रश्नाखाली त्याचं उत्तर होतं. त्याखाली आणखी एक कॉमेंट होती, नाव 'गव्हाची कुरडई': "लेकरा बाटलीला दोरी बांधून गळ्यात घालत जा." आणि त्याखाली बाटलीवाला: "खारोडीताई, तुमची बहीण कुरडईताईपण येऊन गेली. बरं वाटलं."

मास्तरीणबाईंच्या वांग्याखालीही कुरडई. वकिलाकडेसुद्धा कुरडई, आणि गंमत म्हणजे तिची कॉमेंट त्यानं ठेवली होती. तिनं नुसतं विचारलं होतं, "लेकरं कुणाकडं राहतेत?"

आम्ही दोघींनी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पापडाचं पीठ कुटत होत्या, नेहमीपेक्षा जरा जोरात.

"दादी?"

"माझ्याच्यानं बघवलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या पोराकडून कुरडईचं नाव अन् लिंक भरून घेतली, बाकीचं माईकला मीच बोलले. एकीला चोळीबांगडी अन् दुसरीला कोरडा हात. या घरात असं कधी झालं न्हाई, अन् मी असंस्तोवर होणार बी न्हाई."

हे मात्र खरं. आत्याबाईंना आम्ही दोन सुना, मी आणि जालन्याला राहणारी माझी धाकटी जाऊ मीना. लुगडं घेतलं तर दोन, बांगड्या भरल्या तर दोघींना. मला चष्मा लागला तेव्हा मीनाचे डोळे ठणठणीत होते. आत्याबाईंनी तिला चष्म्याचं रिकामं घर घेतलं. मीना त्यात अजून सुया ठेवते.

नाहिदनं कपाळाला हात लावला. "दादी, सगळी तपासणी वाया गेली! आता कशामुळं काय झालं ते कळणारच नाही."

"कळून काय करायचं? दोघी बराबरीनं चालल्यात, ते बघ ना."

"चालल्यात कुठं? दोघी पाचव्याच पानावर बसल्यात."

"मंग बसल्यात तर दोघी बसल्यात."

त्यानंतर नाहिदनं आणखी खोलात जाऊन बघितलं. बहुतेक ब्लॉगवाले कॉमेंटमधल्या लिंकला आतून एक खूण करून ठेवतात, ती आपल्याला दिसत नाही, पण गूगलला दिसते. तिचा अर्थ, ही लिंक धरू नका. म्हणजे आम्ही महिनाभर ज्या दारांना गेलो, तिथं चहा मिळाला पण हजेरी लागली नाही. कुरडई जी जराशी वर सरकली, ती अशीच. गूगलमध्ये नंबर असे आपोआपही खालीवर होत असतात म्हणे. साहेब हरले, नाहिद जिंकली. तरी तिचा चेहरा उतरलेलाच होता, कारण अक्षय तृतीया तोंडावर आली होती आणि मी पाचव्या पानावर होते.

मी हळूहळू डबे उचलायला घेतले. माळवदावर कुठला कुठं मावेल ते बघून आले. माळवदावर उंदीर आहेत आणि दुपारी पत्र्यासारखं तापतं. कुरडईला ते कसं सोसायचं? पण बोली ठरली होती. आमचे हेसुद्धा त्या दिवसांत माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला जायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे. मला वाटलं, वाईट वाटत असेल बिचाऱ्यांना.

अक्षय तृतीयेला सकाळीच भाऊजी आले. हातात टेप. आमरस व्हायचा होता. नाहिदही आली होती, ईदच्या शेवयांसाठी नेलेलं माझं पातेलं परत द्यायला, आणि पातेल्यात अर्थातच दोन कैऱ्या होत्या.

भाऊजी भिंतीला टेप लावून म्हणाले, "धर रं रामकिसन ते टोक."

हे जागचे हलले नाहीत. "कशाला? ती तर कधीची आलीय."

"कोण?"

"वेबसाइट. पहिल्या पानावर. पहिल्या नंबरला." यांनी खिशातून मोबाईल काढला, पुसला, बाजरीच्या खारोड्या असं टाइप केलं आणि आम्हा सगळ्यांपुढे धरला. आणि खरंच, सगळ्यात वर माझं पेज, त्यावर आत्याबाईंचा फोटो, वाळवणाच्या बाजेशेजारी डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

"पंधरा-वीस दिवस झाले असतील," हे म्हणाले. "मी म्हटलं, ही स्वतः येऊन सांगंल. वाट बघून राह्यलो होतो. ही तर डबे वर न्यायला लागली. मला वाटलं, मोठी जागा पाहिजे असंल आता."

भाऊजींनी टेप खाली टाकला आणि स्वतःचा मोबाईल काढला. बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. "माझ्यात तर न्हाई! माझ्यात नागपूरचे पापड येऊन राह्यले!"

नाहिद हसायला लागली ती थांबेचना. मी तिला चिमटा काढला, पण ती तपासणीवाली बाई, खरं बोलल्याशिवाय तिला राहवेना. "चाचा, तुम्ही हे पेज किती वेळा उघडता?"

"कायी न्हाई. मोसंबीला पाणी द्यायला गेलो की. लाइट येईपर्यंत मोटारीपाशी बसावंच लागतं ना. नंबर आला का ते बघायचो." मग जरा लाजून, "अन् आईचा फोटो चांगला आलाय त्यात."

"म्हणून तुम्हाला वर दिसतं. गूगलला कळलंय, या माणसाला हेच बघायचं असतं. दुसऱ्यांना पाचव्याच पानावर आहे."

"म्हंजे खोटंय!" भाऊजी ओरडले.

हे पहिल्यांदाच ताटाशिवाय शांत दिसले. "सर्जेराव, होळीला मी काय बोललो होतो? माझ्या मोबाईलवर मला दिसली पाहिजे. दिसून राह्यली का न्हाई?"

"दिसती, पण..."

"मंग झालं. नाव काढायचं न्हाई."

मी पदराला डोळे पुसत आत गेले आणि माळवदावरचा पहिला डबा खाली आणला.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. ते आत्याबाईंना बघवेल असं कसं होईल? "इकडं ये रं, सर्जेराव," त्या म्हणाल्या. "एकाला खोली अन् एकाला कायीच न्हाई, असं न्हाई चालत. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच पडलाय. वर पत्रे नवे हायेत. तिथं ठेव तुझी पोती, जल्दी आण."

भाऊजी टेप घेऊन गोठा मोजायला गेले. तो माझ्या खोलीहून मोठा निघाला. जाताना आत्याबाईंनी त्यांच्या हातात खारोडीचं पाकीट दिलं. ते दोन पावलं गेले नाहीत तोच त्यांनी हाक मारली आणि कुरडईचंही दिलं.

दुपारी रस-पोळी झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा पंख्याखाली बसलो. आता कॉमेंटचा काही उपयोग नाही हे दोघींनाही माहीत होतं. तरी आत्याबाईंनी मोबाईल मागितला, बाटलीवाल्याचं पान काढायला लावलं आणि माईकला तोंड लावलं.

"आमची खोली राह्यली बरं का! तू घरी सांगितलं का न्हाई अजून?"

अक्षरं उमटली. मी पाठवून दिलं आणि मोबाईल खाली ठेवायला लागले.

"ठेवती कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "आता हेच कुरडईच्या नावानं लिही."