रोलमधला शेवटचा फोटो

उर्वी आणि निनादला क्वेकर्स हिल या उपनगरातलं घर विकावं लागलं. व्याज चढलं, त्यात निनादची नोकरी गेली, हप्ते झेपेनात. सामान बांधायला त्यांची मैत्रीण चारुता सकाळीच येऊन थांबली होती. आपल्या बँकेत या घराचं लोन तिनेच करून दिलं होतं.

करून दिलं कसलं, गळ्यात मारलं. ब्लॅकटाउनमधलं दोन खोल्यांचं छोटं युनिट त्यांना पुरलं असतं. ‘बसतंय तुमच्या पगारात, मोठंच घ्या,’ असं चारुताच म्हणाली होती. तेव्हा निनादने विचारलं होतं, “एवढे पैसे बँक आणते कुठून? लोकांच्या ठेवींतून?”

“छे रे! लोन पास झालं की बँक खात्यात आकडा टाकते. तिथेच नवे पैसे तयार होतात. तुम्ही फेडाल तसे नाहीसे होतात.”

केवढ्या ऐटीत सांगितलं होतं तिने! आकडा काय, क्षणात पडला. फेडताना उर्वी मात्र डबल शिफ्ट करत होती.

खोकी बाहेर गेल्यावर उर्वीने आपला जुना फिल्मचा कॅमेरा चारुताच्या हातात दिला. “आमचा दोघांचा काढ. शेवटचाच उरलाय.”

“फोनवर काढते ना, हवे तेवढे.”

“ते कोण बघतं? हा एकच येणार म्हटलं की माणूस नीट उभा राहतो.”

रिकाम्या हॉलमध्ये दोघं उभी राहिली. चारुताने लेन्सची रिंग फिरवली तसे चेहरे स्पष्ट होत गेले. उर्वीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, निनादचं ओढून आणलेलं हसू. वर्षभर तिने या चेहऱ्यांकडे धड बघितलंच नव्हतं. बोट दाबेना.

“उर्वी, मी तेव्हा मागे लागले नसते तर...”

“दाब आधी. उजेड जातोय.”

खट्ट झालं. उर्वीने कॅमेरा घेतला, रोल गुंडाळला.

“राग आला होता तुझा. सही आम्हीच केली गं, पण तुला कळत होतं, आम्हाला नव्हतं. आणि वर्षभर तू एका शब्दाने बोलली नाहीस.”

चारुताने फडकं घेतलं आणि ओटा घासत राहिली.

सोमवारी बँकेत लोनसाठी आलेल्या एका जोडप्याने विचारलं, “अजून थोडं मिळेल का?”

“मिळेल,” चारुता म्हणाली. मग व्याज चढलं तर हप्ता कुठे जाईल, ते त्यांना दाखवत बसली. मॅनेजर दोनदा डोकावून गेला. ती दोघं लोन न घेताच उठली.

आता तरी बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तेवढं काही वाटलं नाही.