नाव विचारलं, हुद्दा नाही

कातडीच्या रंगाचं — असं खोक्यावर छापलेलं होतं, आणि आता ते टेबलावर, लोण्याच्या बशीशेजारी पडलं होतं. गुलाबीसर, सोललेल्या कोळंबीसारखं वळलेलं. कुणाच्या कातडीच्या? वर्लीनला रोज सकाळी हाच प्रश्न पडायचा आणि रोज तितकाच संताप यायचा. माणसाला मारून बहिरं करायचं, आणि मग त्या कानात घालायला जे यंत्र मिळतं तेही मारणाऱ्याच्याच रंगाचं!

समोर तिचा भाऊ मक्याची लापशी खात होता. डाव्या कानाला या यंत्राशिवाय काही ऐकू येत नव्हतं, उजवा वयाने मंद झालेला. यंत्र काढून ठेवलं की तो घरात असून नसल्यासारखा व्हायचा. आणि ते तो मुद्दाम काढायचा, हे काय तिला कळत नव्हतं?

"कानात घाल ते," ती म्हणाली.

"काय?"

"कानात घाल म्हणते!"

"त्या सभेत ऐकण्यासारखं काय असतं, व्ही? बोलायचं मला आहे ना? तोंड आहे की जागेवर."

तो उठून कोट घालायला गेला. तिने यंत्र रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि पर्स इतक्या जोरात मिटली की तिची तीच दचकली. आज नाही. आज चिडायचं नाही. आज दुपारी नगरपरिषदेत मतदान होतं, आणि आज सभेचा आवाज लावायचा होता — तो मऊ, घडी घातलेला आवाज, गोऱ्या माणसांसमोर काढायचा, ज्यात 'कृपया' असतं आणि 'आभारी आहे' असतं आणि वर्लीन कुठेच नसते.

दोन वर्षं ती या दिवसासाठी वणवण हिंडली होती. मागणी साधी होती: पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची नाही, गावातल्या माणसांची समिती नेमायची, आणि त्या समितीला पोलिसांना समोर बोलावून जाब विचारता आला पाहिजे. एवढंच. पण या 'एवढंच'साठी किती दारं! जन्मभर शाळेची बस चालवल्यामुळे वस्तीतलं प्रत्येक दार तिला ठाऊक होतं, आणि दारामागचे बाप्येही. लहानपणी दंगा केला म्हणून तिने बसमधून उतरवायची धमकी दिलेली असल्यामुळे ते दार उघडायचे मात्र नक्की. उघडून म्हणायचे, "काय उपयोग मिस वर्लीन? त्यांचंच राज्य." तेव्हा तिला त्यांचाही राग यायचा. मग चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर, गार कॉफी पीत भांडणं — कोण बोलणार, किती बोलणार, कुणाला वगळायचं. शेवटी किआराने सगळ्यांना गप्प केलं होतं. किआरा, एकेकाळी मागच्या बाकावर बसून भांडणं लावणारी, आता वकील. ती म्हणाली, "दोन मतं कमी पडतायत. ते दोघे आकड्यांनी हलणार नाहीत, माणसाने हलतील. मिस्टर मेजर स्वतः बोलले पाहिजेत." त्या दोघांतला एक जुना सैनिक होता, हेही ती म्हणाली होती. तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही…

मेजर. तिच्या भावाचं, बापाने ठेवलेलं नाव. देशाच्या दक्षिणेत, कापसाच्या जिनिंगवर बाप राबायचा, आणि तिथला मिसरूड न फुटलेला गोरा कारकून त्याला म्हणायचा, ए लूशस, इकडे ये. मनात आलं तर म्हणायचा, ए पोरा. बाप चाळिशीचा, अंगाने दारात न मावणारा, आणि 'पोरा'! उलट बापाने त्या शेंबड्याला 'साहेब' म्हणायचं. तिकडे आमच्यातल्या कुणाला 'मिस्टर' म्हटलं असतं तर त्यांची जीभ झडली असती. तर मुलगा झाला तेव्हा बाप आईला म्हणाला, "याचं नाव मेजर. करू देत अरे-तुरे. ए म्हणतील, ओ म्हणतील, पण पुढे मेजर म्हणावंच लागेल भडव्यांना." आई ही गोष्ट सांगताना हसून हसून डोळे पुसायची. वस्तीत असे आणखीही होते, एक जज होता, एक कर्नल होता, डॉक्टर नावाचा न्हावी तर अजून आहे. आपल्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि नेमकं तेच नाव. तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात औषधाच्या दुकानाबाहेर तो गाडीत बसला होता, वर्लीनची वाट बघत. ती औषधं घेऊन बाहेर आली तेव्हा एक कोवळा पोलीस खिडकीशी वाकलेला.

"नाव?"

"मेजर."

"नाव विचारलं, हुद्दा नाही."

"मेजर."

"थट्टा करतोस माझी?"

"नाही साहेब. मेजर."

तीनदा विचारलं, तीनदा त्याने खरं सांगितलं. मग दार उघडलं गेलं, आणि तिच्या भावाचं डोकं गाडीच्या टपावर… तो आवाज तिने ऐकला. हातातली पिशवी तिने खाली ठेवली, नीट, गोळ्या सांडू नयेत म्हणून — का नीट ठेवली? अजून ती स्वतःला विचारते. अहवालात पोलिसांनी लिहिलं: खोटं नाव सांगितलं. आणि त्यांच्याच चौकशीने ठरवलं: गैरसमज. गैरसमज! गैरसमज दोघांचा होतो. इथे समज एकाचा आणि कान दुसऱ्याचा.

सभागृहात गारवा होता आणि मेणाचा वास. वस्तीची माणसं दोन गाड्या भरून आली होती, रविवारच्या कपड्यांत, ताठ बसलेली. ज्यांनी 'काय उपयोग' म्हटलं होतं तेही आले होते. वर्लीनला एकदम भरून आलं आणि लगेच रागही आला, की एवढं नटून, एवढं सभ्य होऊन यावं लागतं, कशासाठी, तर आम्हाला मारू नका हे सांगायला. माईकशेजारी बोलायची वेळ मोजणारे तीन दिवे होते, हिरवा, पिवळा, लाल. मेजर उठला आणि हळूहळू पुढे गेला. त्याचा कोट पाठीवर चुरगळला होता. तिला तो ओढून सरळ करावासा वाटला.

अध्यक्ष हॅल्व्हर्सन हसतमुख माणूस. त्यांनी कागदावर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मेजर टॉलिव्हर, आपण बोलण्याआधी… देशासाठी आपण केलेल्या सेवेबद्दल या सभागृहाच्या वतीने मनापासून आभार."

आणि टाळ्या. सगळ्या सभागृहाने, पाठीमागच्या पत्रकारांनी, दारातल्या पोलिसानेसुद्धा. कोपऱ्यातला तो जुना सैनिक तर उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. वस्तीची माणसं तेवढी हात मांडीवर ठेवून एकमेकांकडे बघत राहिली. मेजरला अक्षरही ऐकू आलं नव्हतं. टाळ्या दिसल्या म्हणून त्याने मान किंचित झुकवली — लहानपणापासून शिकवलेली, कुणी गोरा काही बोलला की झुकवायची तशी — आणि वळून वर्लीनकडे पाहिलं. भुवया वर. काय म्हणाले?

तोच शब्द, तिच्या मनात आलं. रस्त्यावर तोच शब्द उद्धटपणा होता, इथे सन्मान. माणूस तोच, नाव तेच… दोन्ही वेळा त्यांनी त्याला पाहिलंच नाही.

ती उठणार तोच किआराने तिचं मनगट धरलं. "राहू द्या मिस वर्लीन. प्लीज. बघा त्याच्याकडे, उभा राहिलाय तो! मिळालं त्याचं मत. आजचा दिवस जाऊ द्या, मग सांगू."

"मग कधी?"

"मग. समिती झाल्यावर."

पोरीचं काही चुकत नव्हतं, हेच तर चीड आणणारं होतं. समिती झाली तर उद्या दुसऱ्या कुणाचा कान वाचेल, कदाचित जीव. आपण कुठे काही खोटं बोलतोय? ते समजले, आपण गप्प बसलो. दोन वर्षं, ती सगळी दारं, ती गार कॉफी… एक मिनिट गप्प बसायचं फक्त. सभेच्या आवाजालाही ते जमलं असतं. पण 'खोटं नाव सांगितलं' असं लिहून ठेवलंय त्यांनी, आणि मी आत्ता बसून राहिले तर ते खरं होईल. आम्हीच खरं करू.

तिने मनगट सोडवून घेतलं. मधल्या वाटेने ती गेली आणि रुमाल सोडून ते गुलाबी यंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं.

"काय म्हणाले?"

"तुला सैन्यातला समजतायत."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या उभ्या माणसाकडे. सावकाश, सगळ्यांदेखत, यंत्र कानात बसवलं. माईक कर्कश शिटी वाजवून गप्प झाला. हिरवा दिवा लागला.

"मी कधी सैन्यात नव्हतो," मेजर म्हणाला. "लोखंडाच्या ओतशाळेत होतो, नदीपलीकडच्या. मेजर माझं नाव आहे. वडलांनी ठेवलंय. तुमच्या पोलिसाने विचारलं, मी सांगितलं. त्यात हा कान गेला."

आणखी बरंच पाठ करून घेतलं होतं तिने त्याच्याकडून. तो थांबला. टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत ते कुणाला कळेना. सैनिक अर्धवट वाकला होता, ना उभा ना बसलेला. किआराने डोळे मिटून घेतले होते. मतं गेली असतील, राहिली असतील… वर्लीनने त्या दोघांचे चेहरे वाचायला हवे होते, दोन वर्षं ती तेच करत आली होती; पण तिची नजर अध्यक्षांच्या तोंडावरून हलेना.

"आभारी आहोत," अध्यक्ष म्हणाले, "मे—"

आणि अडकले. तोंड तसंच उघडं. आता त्यांना कळेना की या काळ्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं. मी भावाच्या शेजारी उभी आहे, त्याच्या कोटाची पाठ माझ्या मुठीत आहे, आणि माझ्या घशात सभेचा आवाज कुठेच नाही. 'मिस्टर टॉलिव्हर' म्हणून सुटायचं नाही आज. खाली बघून कागद चाळायचे नाहीत. लागू दे पिवळा, लागू दे लाल. मी इथून हलत नाही. मतांचं नंतर बघू.

आधी नाव घे.