एक टक्का मोठे यान

मी एक जुने लाकडी अंतराळयान आहे. जमिनीपासून मी गाठलेली सर्वाधिक उंची म्हणजे कपाटाचा वरचा कप्पा, आणि तिथेही मला कोणीतरी उचलूनच ठेवले. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याकडे पाहून डोळे विस्फारणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

माझे मूळ एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेत आहे. त्या मालिकेतले यान पंख कलते करून झोकात वळत असे, आणि तेही अवकाशात, जिथे पंखांना धरायला हवाच नसते. त्याच्या इंजिनातून निघालेला धूर वर जाई. तिथे 'वर' नावाची दिशा नसते, हे कोणी त्या धुराला सांगितले नव्हते. प्रत्यक्षात ते प्लायवुडचे खोके होते आणि दोऱ्याला टांगलेले होते. अशा खोक्याची हुबेहूब प्रतिकृती व्हावी, हे माझ्या जन्माचे प्रयोजन. सोंगाचे सोंग म्हणून जन्माला येण्यात जो काही मान असेल, तो मला पुरेपूर लाभला.

मला घडवणारा गृहस्थ ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होता. पंपाचा एखादा भाग धातूत ओतायचा, तर आधी तोच भाग लाकडात करावा लागतो आणि त्याचा ठसा वाळूत उमटवावा लागतो. ते लाकूडकाम याचे. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हात सोन्याचा आणि स्वभाव कानशीचा. कोणाच्याही घरी गेला की खुर्चीवर बसण्यापूर्वी वाकून तिचे सांधे तपाशी आणि मान हलवी. नातेवाईक त्याला बोलावत ते नाइलाजाने.

निवृत्त झाल्यावर त्याने सागाचे तुकडे जोडून मला घडवायला घेतले. त्याची बायको दंतवैद्यासाठी कवळ्या तयार करी. जन्मभर पंपांची पोटे घडवली, आता म्हातारपणी हे उडते खोके कशाला, असे ती येता-जाता विचारी. मालिकेतल्या यानाच्या पोटात एक छोटे उतरयान असे. मिस्त्रीने माझ्या पोटात त्याची खोबण कोरली, पण उतरयान करण्याचे किरकोळ काम मागे ठेवले. बाईने एक दिवस उरलेला तुकडा उचलला, टेबलावरची त्याची फूटपट्टी घेतली आणि दातांच्या खाचा कोरायच्या हत्यारांनी ते यान स्वतःच करून टाकले.

मिस्त्रीने ते उलटसुलट करून पाहिले. नावे ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून थोडा खट्टू झाला. मग माझ्या पोटात सरकवले. टक्. कडी नाही, स्क्रू नाही, आणि मला पालथे धरले तरी ते पडेना.

"बरं आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढे कोणाला मिळाले नव्हते.

"कवळी अशीच बसावी लागते," बाई म्हणाली. "नाहीतर माणूस शिंकला की दात ताटात."

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत. पाहुण्यांनी मला उचलून हवेत फिरवले आणि तोंडाने 'झूंऽऽ' केले; त्यांत पदवीधर होते, एक न्यायाधीशही होते. निर्वातात आवाज जात नाही, हे शाळेत शिकलेली माणसे लाकडाचा तुकडा हाती येताच विसरतात, असे माझे निरीक्षण आहे. त्याला आजवर अपवाद आढळलेला नाही.

पुढे बाई आजारी पडली आणि गेली. त्यावर भाष्य करण्याची माझी पात्रता नाही. मी लाकूड आहे. मिस्त्री रोज सकाळी उतरयान बाहेर काढी, पुन्हा बसवी, तो आवाज ऐके आणि मग चहाचे आधण ठेवी, एवढे मात्र पाहिलेले आहे.

याच सुमारास यानप्रेमी मंडळ आमच्या आयुष्यात आले. कधीही अस्तित्वात नसलेल्या वाहनांची अचूक मापे ठरवणे, हा या मंडळाचा उद्योग. मालिकेत यानाच्या दारात उभ्या असलेल्या नटाच्या बुटावरून त्यांनी यानाची लांबी काढली होती. तो बूट नक्की केवढा होता यावर मतभेद होऊन मंडळाची दोन मंडळे झाली होती आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. यांच्या प्रदर्शनात मान्य झालेली प्रतिकृती कायमची काचेच्या कपाटात ठेवत आणि खाली पितळी फलक लावत. फलकावर कारागीर आणि साहाय्यक, अशी दोन नावे कोरली जात.

त्या दोन नावांपायी मिस्त्री मला पोतडीत घालून तिकडे घेऊन गेला. उतरयान घरीच राहिले, वाटीत. पडद्यावर ते एकदाच आणि तेही पाठमोरे दिसले होते, त्यामुळे मंडळाच्या लेखी ते सिद्ध झालेले नव्हते.

मुख्य परीक्षक पेशाने विमा कंपनीचे सर्वेक्षक होते. चेपलेली मडगार्डे पाहण्यात हयात गेलेली, त्यामुळे संशय अंगात मुरलेला. त्यांनी मला नाकापासून शेपटीपर्यंत मोजले, पोटातली खोबणही मोजली. प्रत्येक माप शंभरात एकाने जास्त भरले.

"वयामुळे हात थरथरतो वाटतं, मिस्त्री?"

"थरथरणारा हात सगळीकडे सारखाच चुकत नाही," मिस्त्री म्हणाला. "तुमची पट्टी तपासा."

मिस्त्रीच्या बोलण्यातला पूर्वार्ध निर्दोष होता. उत्तरार्धाचे उत्तर घरी टेबलावर पडले होते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. ती तूट भरून निघावी म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरच्या खुणाच किंचित ताणलेल्या असतात. मिस्त्रीने उभ्या जन्मात दुसरी पट्टी वापरली नव्हती. मला कोणी कधी धातूत ओतणार नव्हते, तरी आकसण्याची सोय माझ्या हाडामांसात करून ठेवलेली होती. सवयीला माणूस अनुभव म्हणतो, आणि मग तो तपासायचा राहतो.

मिस्त्रीने शेजाऱ्याकडून साधी पट्टी आणली, आपल्या पट्टीला लावून पाहिली आणि माझ्यावर रंधा चालवला. नाक उतरले, पंख उतरले, अंगावरचा जुना रंग भुशात गेला. खोबण लहान करण्यासाठी आतून लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने चिकटवल्या. एका अस्सल खोट्या मापाला मी काटेकोर उतरले.

रविवारी त्याची मुलगी आली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि घरात सर्वांत कमी बोलते. तिने वाटीतले उतरयान पुसले, माझ्या पोटाशी नेले, दाबले. ते आत जाईना.

"बाबा, हे बसत नाहीये."

मिस्त्रीने पाहिले. बाईनेही त्याचीच पट्टी वापरली होती. उतरयान आणि मी एकाच प्रमाणात चुकलो होतो, म्हणूनच जुळलो होतो. हे त्याच्या लक्षात आले. त्याने पॉलिशपेपरचा तुकडा फाडला आणि उतरयान उचलले.

"केसभर घासायचं. कळणारही नाही."

"तिथे आईच्या हत्यारांच्या रेघा आहेत. नेमक्या तिथेच."

"फलकावर तिचं नाव लागेल गं."

"आता हे उतरयान म्हणजे जबडा. आईने कधी कवळी बसावी म्हणून कुणाचा जबडा घासला होता?"

मिस्त्रीने पॉलिशपेपर खाली ठेवला. मग त्याने पटाशी घेतली, माझ्या पोटातल्या पट्ट्या एकेक करून उचकटल्या आणि सरसाचे डाग खरवडून काढले. उतरयान आत गेले. आवाज झाला.

दुसऱ्या खेपेला परीक्षकांनी माझे बाह्यांग मोजले आणि समाधानाने नाक पुसले. मग पोटाखाली वाकले. उतरयानासह खोबण अजून मोठीच होती. पट्ट्या लावून आणा, उद्याच फलक कोरायला देतो, कोणती दोन नावे ते लिहून ठेवा, असे त्यांनी सांगितले. माणूस दुष्ट नव्हता. केवळ बुटावर विश्वास ठेवून बसलेला होता.

"नाही लावणार," मिस्त्री म्हणाला.

"अहो, मिलिमीटरचा प्रश्न आहे."

"हो. तिने तेवढ्याच मिलिमीटरवर बसवलंय."

त्याने मला पोतडीत घातले. फलक लागला नाही, दोन्ही नावे कोरायची राहिली. परत येताना तो बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या प्रवाशाने हे काय आहे म्हणून विचारले. मिस्त्रीने यान म्हटले नाही.

"बायकोचं काम आहे," तो म्हणाला. "बाहेरचं खोकं माझं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगण्याचा प्रघात आहे. मी तसे सांगणार नाही, कारण रंधा घेऊन येणारा प्रत्येकजण निगा राखायलाच आलेला असतो. धूळ झटका, तीही कोरड्या ब्रशने. ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवा. याहून अधिक माया उफाळून आली, तर ही वस्तू कोणाशी जुळलेली आहे ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत, कृपा करून, हात खिशात ठेवा.