मला कापलं त्या दिवशी

मी पडदा बोलतोय. इकडे, खिडकीकडे बघा. हळदी रंगाचा, जाड सुती, जमिनीपासून बोटभर वर थांबलेला. हे बोटभर अंतर मिळवायला मला निम्मं आयुष्य लागलं.

जन्म माझा यंत्रमागावरचा, पण मला पडदा केलं ते आमच्या बाईंनी. त्यांनी नवऱ्याबरोबर परक्या देशाच्या राजधानीत नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. साहेब लिफ्ट दुरुस्त करायचे, बाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस. पहिल्या भाड्याच्या खोलीसाठी बाईंनी हवं त्याहून लांब कापड घेतलं आणि जास्तीचं कापलं नाही, आत दुमडून टाकलं.

"पुढच्या घराची खिडकी कशी असेल कोणास ठाऊक," त्या म्हणाल्या.

पुढचं घर लवकरच आलं. मालकाच्या भाच्याला खोली हवी होती, आम्ही गाशा गुंडाळला. त्यानंतरच्या मालकिणीने इमारतच विकली. कुठे खिडकी बुटकी, कुठे छताला टेकलेली. दर घरात बाई माझी दुमड उसवत, कमीजास्त करत आणि कच्चा धावदोरा घालत. पक्की टीप कधीच नाही. कात्रीची मला तेव्हा भयंकर धास्ती. एकदा आखूड झालो की पुढच्या खिडकीला पुरणार नाही आणि माझं फरशी पुसायचं फडकं होणार, एवढं मला कळत होतं.

त्यांची लेक ठमाबाई. खरं नाव शाळेत, घरात ठमाबाईच. घर बदललं की तिची शाळाही बदले.

"मधल्या सुट्टीत कोणाशी खेळलीस गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"कोणाशीच नाही. मैत्री झाली की आपण जातो," असं म्हणून ती माझ्यामागे जाऊन बसली. माझा एक कोपरा तिने ओला केला.

त्याच संध्याकाळी बाई म्हणाल्या, "अहो, भाड्याचं आता बास. लहान असू दे, जुनं असू दे, पण आपलं घर."

मग सुरू झाली वणवण. एकेका घरासाठी जिन्यात रांग. बाकीचे ओल शोधत, नळ सोडून बघत. बाई मला पिशवीत घालून नेत आणि खिडकीला लावून बघत.

"अगं, घर बघायला चाललोय. पडदा कशाला?" साहेब ओशाळून म्हणत.

"तो लावल्याशिवाय मला घर दिसतच नाही."

दलाल नाक मुरडे. घरं हातची जात राहिली, कारण जास्त देणारा कोणीतरी आधीच उभा असायचा.

या घरीही तसंच झालं. मालक एक निवृत्त ट्रामचालक आजोबा, एकटे, आता बहिणीकडे राहायला निघालेले. आमच्याआधी एक गृहस्थ येऊन गेले होते. त्यांना मधे भिंत घालून दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, आणि भाव त्यांचाच चढा होता. दलालाने हे दारातच ऐकवलं. साहेबांचा चेहरा उतरला. बाई मात्र स्टुलावर चढल्या. आजोबांनी स्टूल धरलं. मी दांडीवरून सरसर उलगडलो आणि सगळी खोली पिवळी झाली.

आजोबा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "समोरच्या इमारतीतली बाई वर्षानुवर्षं माझ्या ताटात डोकावतेय. आता काय करेल ती?" आणि खो खो हसत सुटले.

ठमाबाईला तिथली भाषा आईबापांपेक्षा चांगली येई. तिने विचारलं, "आजोबा, हे घर आमचं झालं, तर इथून आम्हाला कोण काढणार?"

आजोबांचं हसू थांबलं. "कोणी नाही, बाळा."

बाई मला उतरवू लागल्या. "राहू द्या तो," आजोबा म्हणाले.

दलालाने घसा खाकरून चढ्या भावाची आठवण करून दिली.

"ऐकलंय मी," आजोबा म्हणाले. "यांच्या पैशात माझं म्हातारपण आरामात निघेल. घर यांना द्यायचं."

कागदपत्रं होईपर्यंत मी इथे एकटाच होतो. सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. बँकेने कर्जाला नाही म्हटलं तर काय, हाच विचार करत मी दाराकडे बघत राहायचो. मग एका सकाळी कुलपात किल्ली फिरली. ठमाबाई आधी धावत आली, तिच्यामागे बाई, आणि शेवटी डोळे पुसत साहेब.

बाईंनी मला जमिनीवर पसरलं. जुन्या घरांच्या सगळ्या दुमडी उसवल्या, खडूने रेघ मारली आणि कात्री उचलली.

"अगं, थोडं जास्त ठेव," साहेब सवयीने म्हणाले. "पुढच्या घराला..."

"कुठलं पुढचं घर?" बाईंनी विचारलं.

 साहेब असे हसले, की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

कात्री चालली. मला वाटलं होतं दुखेल. अहो, छाती फुगली माझी. त्यावर मशीनची पक्की टीप बसली, दुहेरी.

आज ठमाबाईच्या तीन मैत्रिणी माझ्यामागे लपल्यात आणि मला पार चुरगाळून टाकलंय. खुशाल चुरगाळा. ओढा, सरकवा, तोंडं पुसा. माझं मागणं एकच आहे. इथून मला उतरवायचं ते फक्त धुवायला.