दुसऱ्या मजल्यावर लुळी, सहाव्यावर ठणठणीत

माझ्या लेकाला सुट्टी एकाच दिवसाची मिळाली, म्हणून मला त्याच दिवशी सकाळी लुळी आणि दुपारी ठणठणीत व्हायचं होतं.

लेक आ-थांग तैपेईला असतो. माझ्या फुप्फुसात कॅन्सर निघाल्यापासून त्याला माझ्यासाठी इंडोनेशियाची बाई ठेवायची होती, घरातच राहणारी. सरकार परवानगी देतं, पण म्हातारं माणूस खरंच दुसऱ्यावर अवलंबून आहे असं हॉस्पिटलने लिहून दिलं तर. आपलं आपण जेवता येतं का, आंघोळ जमते का, जिना चढता येतो का, असं विचारून गुण देतात. गुण जितके कमी तितकं काम सोपं. आमच्या गल्लीत झाडून सगळ्यांनी आपापल्या आयांना नापास व्हायला शिकवलंय. पलीकडच्या लो मावशीने तपासणीत काय सुंदर थरथर केली होती! आणि बाहेर आल्यावर "गाडी कुठे नेऊन लावलीस रे गाढवा" म्हणत तीच तरातरा गाडीपर्यंत गेली. डॉक्टर खिडकीत उभे होते. कर्म तिचं.

मुलगी आ-फेन इथेच, च्यायी शहरात, बँकेत आहे. तिला बाईबिई काही नको होती, तिला औषध हवं होतं. कॅन्सरचं नवीन औषध आलंय, त्याची चाचणी त्याच हॉस्पिटलात सहाव्या मजल्यावर चालते. पण ते घेणार फक्त चालत्याफिरत्या माणसांना, स्वतःचं स्वतः करणाऱ्यांना. जागा थोड्या. आ-फेनने डॉक्टर त्साईंच्या मागे लागून माझ्यासाठी एक धरून ठेवली होती.

आदल्या संध्याकाळी दोघं माझ्या दोन बाजूंना बसून मला पढवायला लागली.

"आई, दुसऱ्या मजल्यावर काहीही विचारलं तरी 'जमत नाही' म्हणायचं," आ-थांग म्हणाला.

"आणि सहाव्यावर 'सगळं जमतं'," आ-फेन म्हणाली. "रोज बाजारात जाते म्हणून सांग."

"म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये मी बरी होणार?" मी म्हटलं. "मग डॉक्टर कशाला हवेत? लिफ्टलाच पैसे द्या."

"आई, चेष्टा नको गं!"

चेष्टा नको तर नको. मला एवढंच कळत होतं, की मला जगायचंय. "पुष्कळ जगले, आता बोलावणं आलं तरी चालेल" असं म्हणणाऱ्या थोर म्हाताऱ्या असतात, मी त्यातली नाही. चाळीस वर्षं नाश्त्याचं दुकान चालवलं, पहाटेपासून तव्याचा धूर खाल्ला, आयुष्यात एक सिगारेट ओढली नाही, आणि झालं काय, तर फुप्फुसाचा कॅन्सर. मला राग येतो. मला ते औषध हवंच होतं. म्हणून तर बाजारातून भाजी लो मावशी आणून देते हे मी आ-फेनला कधी सांगितलं नाही. तांदूळ धुवायला मोरीपाशी स्टूल ठेवलंय, तेही ती आली की पलंगाखाली ढकलते.

सकाळी आधी तपासणीसाठी रक्त दिलं, मग आ-थांगने खालून चाकाची खुर्ची आणली आणि मला त्यात बसवून दुसऱ्या मजल्यावर नेलं. तपासणारी पोरगी गोड होती, आजीला म्हणतात तसं मला आमा म्हणत होती. "वेंग आमा, हात डोक्यावर न्या बघू. केस विंचरता येतात?" मी हात अर्ध्यावर नेऊन सोडून दिला. छान जमलं. मग ती म्हणाली, "आता हात न टेकता खुर्चीवरून उठा."

मी ठरवलं होतं, थोडं उठायचं, मग धपकन बसायचं. पण माझं नाटक सुरू व्हायच्या आत गुडघ्यांनीच नकार दिला. मी जोर लावला. खरा जोर लावला. बूड खुर्चीला चिकटल्यासारखं जागचं हललंच नाही. घरी मी टेबल धरून, भिंत धरून उठते, हात न टेकता उठायची वेळ कित्येक दिवसांत आलीच नव्हती. मला घाम फुटला.

"असू दे आमा, राहू दे," पोरगी म्हणाली आणि गुण लिहू लागली.

बाहेर आल्यावर आ-थांगने माझी पाठ थोपटली. "आई, काय काम केलंस! तो घाम तर... कसा काय आणलास गं?"

"तुझी आई आहे मी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुपारी समोरच्या दुकानात टर्कीचा भात खाल्ला. म्हणजे आ-थांगने दोन वाट्या खाल्ल्या, एक त्याची आणि एक माझी. आ-फेनने हॉस्पिटलच्या संडासात नेऊन माझ्या ओठांना लाली लावली, गालांना चोळली, चाकाची खुर्ची लिफ्टपाशी लपवली. तिच्या दंडाला धरून मी डॉक्टरांच्या खोलीत चालत गेले. चार पावलं असतील, पण ऐटीत गेले. खुर्चीत बसले तेव्हा कानात गुं गुं आवाज येत होता.

डॉक्टर त्साई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. "आमा, आज सकाळी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलात?"

दोन्ही मजल्यांचा कॉम्प्युटर एकच असतो, हे बँकेत कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माझ्या लेकीलाही सुचलं नव्हतं.

"ते जरा... बाईच्या परवानगीसाठी," आ-थांग चाचरत म्हणाला.

"कळलं मला," डॉक्टर हसले. "तिथले गुण मी धरत नाही. त्या मजल्यावर अर्धं च्यायी लुळं असतं."

आ-फेनचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण डॉक्टर अजून पडद्याकडेच बघत होते.

"पण रक्त काही कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही," ते म्हणाले. "रक्तात एक प्रथिन असतं, अल्ब्युमिन. अंग झिजायला लागलं की बहुधा ते उतरतं. दुसरं एक आहे, आत धग लागली की चढतं. आमांचं पहिलं बरंच उतरलंय, दुसरं बरंच चढलंय. असं रक्त असलेली माणसं घरात फारशी हिंडूफिरू शकत नाहीत, असं आम्हाला बऱ्याचदा दिसतं."

"अहो, पण आई रोज बाजारात जाते!" आ-फेन म्हणाली. "अंडी खाते, मासे खाते. तिच्या नाश्त्याच्या दुकानात अंडीच तर असायची."

"म्हणूनच म्हणतो, बऱ्याचदा. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही. रक्त एक म्हणतं, तुम्ही एक म्हणता. आपण पायांना विचारू. पाय चांगले असतील तर मी औषध देईन. आमा, हात न टेकता उठून दाखवा."

पुन्हा तेच. जगात दुसरा प्रश्न नव्हता का यांच्याकडे?

मी हात छातीशी धरले. पावलं मागे घेतली. गेलेल्या नवऱ्याची आठवण काढली, बाप्या, आज तरी मदत कर म्हटलं. जोर लावला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी जिथे होते तिथेच होते. पुन्हा लावला. लाली पार हनुवटीपर्यंत ओघळली असणार.

आ-फेन कानाशी वाकली. "आई!" ती दात आवळून कुजबुजली. "मजला चुकलीस! हे खालचं आहे, सकाळचं! इथे उठायचंय, ऊठ ना नीट!"

मी तिच्याकडे बघितलं.

आ-थांग मात्र माझ्या कपाळाकडे बघत होता. तिथे सकाळसारखाच घाम आला होता. तो हळूच गुडघे टेकून माझ्या पुढ्यात बसला, दोन्ही हात माझ्या काखेत घातले आणि बहिणीकडे न बघताच म्हणाला, "फेन, ती मजला चुकलेली नाही."

मग डॉक्टर सावकाश म्हणाले, आधी अंगात थोडी भर घालू, महिन्याने पुन्हा रक्त बघू. पुढच्या आठवड्यातच जागा भरून जाणार हे आ-फेननेच मला सांगितलं होतं, तेव्हा महिन्याने म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. आ-फेन माझ्या हनुवटीवरची लाली पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत होती.

लिफ्ट खाली जाताना दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि सकाळची ती गोड पोरगी आत आली. मला चाकाच्या खुर्चीत बघून ओळखीचं हसली. "वेंग आमा, काळजी करू नका. तुमचे गुण अगदी कमी आलेत, बाईचं काम नक्की होणार."

आ-थांग सवयीप्रमाणे कमरेत वाकला आणि "फार फार आभार" म्हणाला. वाकला तो तसाच राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो इतका खाली आला होता, की बसल्या जागेवरून माझा हात त्याच्या पाठीपर्यंत पोचला. सकाळी त्याने माझी थोपटली होती, तशी मी त्याची थोपटली.