पुलापलीकडचा बोका

आमच्या बाई जनावरांच्या डॉक्टर आहेत आणि माणसांवर रागावतात. मी त्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. कुत्रा धरणं, मांजर धरणं, शीर सापडेपर्यंत पाय धरणं आणि बाईंचं बोलून होईपर्यंत दम धरणं, हे माझं काम.

बाई ज्याच्यावर रागावतात तो त्यांचा माणूस, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्याच्यावर रागावत नाहीत तो त्यांच्या लेखी गेला. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक धाकटे डॉक्टर नोकरी सोडून पुलापलीकडे गेले आणि स्वतःचा दवाखाना थाटून बसले. तेव्हापासून त्यांचा विषय निघाला की बाई गोड आवाजात म्हणतात, "हुशार होता हो पोरगा." होता! चांगला धडधाकट माणूस, रोज सकाळी पुलापलीकडे शटर वर करतो.

त्याच शटरच्या आत मी सुट्टीच्या दिवशी बदली नर्स म्हणून जायला लागले. त्यांची नर्स बाळंतपणासाठी रजेवर होती. सुट्टीला घरी बसलं की आईला माझं लग्न आठवतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे, बाईंच्या खोलीबाहेरही मला काम येतं का, हे मला बघायचं होतं. बाईंना हे सांगायची मात्र छाती झाली नाही. आईचे गुडघे दुखतात, सुट्टीच्या दिवशी तिला शेक द्यावा लागतो, असं मी सांगून ठेवलं होतं. वास्तविक आई जिने दोन दोन पायऱ्यांनी चढते.

काम दोन्हीकडे सारखंच होतं. फरक होता तो टॉवेलचा. आमच्याकडे पिंजऱ्यावर टॉवेल टाकलेला असला म्हणजे आतलं जनावर अजून भुलेत आहे, त्याला उजेड नको. धाकट्या डॉक्टरांकडे टॉवेल म्हणजे आतला प्राणी पळपुटा आहे, एकट्याने उघडू नये. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी "हो हो" म्हटलं होतं. नवीन ठिकाणी माणूस सगळ्यालाच "हो हो" म्हणतो.

त्या दिवशी मी दुपारी पोचले तेव्हा सकाळची ऑपरेशनं उरकली होती. एका पिंजऱ्यावर टॉवेल होता आणि खाली चिठ्ठी होती: "मोती, बोका, पोटावरची गाठ काढली." गाढ झोपला असेल म्हणून मी दार सताड उघडलं. मोती माझ्या खांद्यावरून गेला. समोरून मला काहीच दिसलं नाही, पण तो मागचा भाग मी कुठेही ओळखला असता. तो मोती नव्हता. तो बारक्या होता.

बारक्या हा आमच्या दवाखान्यात येणाऱ्या मास्तरांचा बोका. पिल्लू असताना नाव ठेवलं, पुढे त्याचा लोड झाला. मास्तर निवृत्त आहेत, घरी एकटे असतात आणि बोक्याला दिवसभर भरवतात. त्यावरून बाई त्यांना दर वेळी धारेवर धरतात.

फरशी पुसलेली होती म्हणून मागचं दार उघडं होतं. बारक्या त्यातून थेट शेजारच्या गाद्यांच्या दुकानाच्या गोदामात घुसला. मी मागे धावले आणि पुढून येणाऱ्या मास्तरांवर आदळले. त्यांनी काळा चष्मा लावला होता.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"तू इथे?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणालो, "बाईंना सांगू नका."

"ती गाठ दाखवली असती तर त्यांनी मला सोललं असतं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, इथे गुपचूप काढून घेऊ. झाला का तो जागा?"

"चांगलाच," मी म्हटलं, आणि तो गोदामात पळाला एवढंच सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गोदामात गाद्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पार मागे, सगळ्यात वरच्या थरावर बारक्या बसला होता. पाय अजून लटपटत होते, पोटावर ताजे टाके होते आणि त्याच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. खिडकीखाली मोठा रस्ता होता. आमच्यातलं कुणी एक पाऊल पुढे टाकलं की तो खिडकीकडे सरके. गोंधळ ऐकून आलेल्या धाकट्या डॉक्टरांनी खाण्याचा डबा वाजवला. दुकानदाराने मांजराचा आवाज काढला, तो ऐकून बारक्या आणखी मागे गेला. मास्तरांनी "बाळा, बाळा" म्हणून हाका मारल्या, मग ते माझ्याकडे वळले.

"ही गेल्यापासून घरात मी बोलतो तो याच्याशीच," ते मला म्हणाले. "काहीतरी कर गं."

मला माझीच लाज वाटली. चूक माझी होती आणि ते माझ्याकडेच मदत मागत होते.

आता बारक्याला हलू न देण्याचा एकच उपाय मला ठाऊक होता. आमच्याकडे त्याला इंजेक्शन द्यायची पद्धत ठरलेली आहे. मी त्याला टेबलावर ठेवते आणि बाई मास्तरांना झापायला लागतात. बाईंचा आवाज चढला की बारक्या पोट टेकून असा चपटा होतो की मिशीसुद्धा हलवत नाही. बाईंना वाटतं, मी छान धरते.

मी बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काही न सांगता त्यांना रागवायला लावायचं, असा माझा बेत होता.

"बोल गं. आईचे गुडघे काय म्हणतात?" बाईंचा आवाज मधासारखा होता. बारक्याने एक पाऊल खिडकीकडे टाकलं.

"बाई, काल फ्रीजमधल्या लसी बघायच्या माझ्याकडून राहून गेल्या."

"मी बघितल्या. तू आईकडे लक्ष दे."

"स्टोअरची किल्लीही माझ्याकडेच राहिलीये."

"राहू दे गं. आज कुठे लागतेय?"

नको तेव्हा रागावणारी ही बाई, आणि आज हिला पाझर फुटला होता! बारक्याचा एक पंजा खिडकीच्या चौकटीवर पोचला होता. मग मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. आई ठणठणीत आहे, मी सुट्टीला पुलापलीकडे काम करते, आत्ताही तिथेच आहे.

मग बाई म्हणाल्या, "बरं."

नुसतं बरं. बाईंनी ऊर फुटेस्तोवर ओरडावं म्हणून मी कबुली दिली होती आणि त्यांनी मला धाकट्या डॉक्टरांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

तेवढ्यात माझा बेत ओळखून मास्तर फोनवर वाकले. "बाई, मीपण इथेच आहे. बारक्याच्या पोटावर गाठ होती, ती यांच्याकडून काढली. खोटं नाव सांगून. आणि तो आता पळालाय."

"मास्तर!"

बाई अशा कडाडल्या की दुकानदाराच्या हातातली मापाची पट्टी पडली. "गाठ किती दिवस होती? लपवून ठेवलीत? त्याला काय लोणी भरवत होतात का? शाळेत पोरांना हेच शिकवलंत का, की नाव बदललं म्हणजे पोट कमी होतं?" बाई थांबायला तयार नव्हत्या. वरच्या थरावर बारक्या पोट टेकून चपटा झाला आणि त्याने डोळे मिटले. मी गाद्यांवर चढले, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून खाली आले. मास्तर भरल्या डोळ्यांनी फोनला "हो बाई, चुकलंच बाई" म्हणत होते. धाकटे डॉक्टर मघापासून हात बांधून सरळ उभे होते.

"किती दिवसांनी ऐकला हा आवाज," ते हळूच म्हणाले.

"टाके?" बाईंनी विचारलं.

"शाबूत आहेत," मी म्हटलं. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. "आलीस? बस जरा, दमली असशील," बाई म्हणाल्या. आमच्याकडे बसायला एकच खुर्ची आहे आणि ती त्यांची. पुढे माझ्या हातून हत्यारांचा ट्रे पडला, तर त्या म्हणाल्या, "असू दे, होतं असं." एक कुत्रा माझ्या हातून निसटून टेबलाखाली गेला, तर त्यांनी स्वतः वाकून त्याला बाहेर काढलं. हुशार होती हो पोरगी, असं मला ऐकू यायला लागलं.

दुपारी मला राहवेना. "बाई, मला बोला ना काहीतरी."

"काय बोलू? सुट्टी तुझी, कुठेही जा. चूक कुठे केलीस?" माझ्याकडे पाठ करून त्या हात धूत होत्या. "माणसं शिकतात आणि जातात. तू जाशील असं वाटलं नव्हतं, इतकंच."

"मी गेले नाहीये."

बाईंनी पुन्हा साबण घेतला. पाणी वाहत राहिलं. हे असं आयुष्यभर चालणार, असं मला वाटलं, आणि मी काल सगळ्यांपासून लपवलेली चूक बाईंपुढे सांगून टाकली.

"चूक केली, बाई. बारक्याला मीच सोडला. टॉवेल बघितला आणि दार उघडलं."

बाईंनी नळ बंद केला. "आत न बघता?"

"न बघता."

"मागचं दार?"

"उघडंच होतं. तेही बघितलं नाही."

बाई वळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अक्कल काय पुलावरून खाली टाकलीस का? टॉवेल कुणाचाही असो, आधी कोपरा उचलून आत बघायचं, हे तुला कुणी शिकवलं? भिंतीने? लोक म्हणतील, माझ्या हाताखालून ही असली पोरगी तयार झाली! जायचं तिथे जा, पण माझं नाव घेऊन जातेस तर नीट काम कर!" बाहेरच्या बाकावरचा कुत्रा मालकाच्या पायामागे गेला. मी मान खाली घालून उभी होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"दात काय काढतेस?" बाई ओरडल्या. "अजून माझं संपलेलं नाही!"