मयताचा निरोप कोण नेणार?

नाशिक रोडच्या स्टेशनामागे जमादार खंडेरावांच्या ओट्यावर दर रविवारी एक सतरंजी अंथरली जाई, आणि तिच्यावर माजी शिपाई मंडळ भरे. ही सगळी माणसे महायुद्धावरून परतलेली. इराकात बसऱ्याला निघाली तेव्हा गळ्यात हार पडले होते. परत आली तेव्हा त्यांना कुत्रेही विचारीना! कुणाचा पाय गेला होता, कुणाचे पेन्शन अडले होते, आणि महारांची तर पलटणच सरकारने लढाई संपताच मोडून टाकली होती. मग या मंडळींनी एकत्र येऊन सरकारकडे दाद मागायचे ठरवले. मेलेल्या शिपायांच्या बायकांना पेन्शन मिळावे, लुळ्यापांगळ्यांना जमीन मिळावी, महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिवाय एक कलम खंडेरावांनी हट्टाने घातले होते. आपल्यातला कुणी गेला, तर सगळ्यांनी त्याच्या मातीला हजर राहायचे.

खंडेराव जातीने मराठा. मंडळात जातपात नाही, असे ते छाती फुगवून सांगत, आणि ते खोटेही नव्हते. पुंजा महार त्याच सतरंजीवर बसे. जोहार न घालता तो खाडकन सलाम ठोके, आणि जमादारही उलट सलाम करीत. मंडळी उठल्यावर जमादारीणबाई ओटा शेणाने सारवून घेत, ही गोष्ट वेगळी. पुंजाला ती ठाऊक होती. तरी उभ्या जगात त्याला बसायला सांगणारी तेवढीच एक जागा होती, आणि तिच्यावर त्याचा जीव होता.

पौषातल्या एका सकाळी हरसूलकडचा गोटीराम कोळी नाशिकच्या दवाखान्यात वारला. तोही मंडळाचाच. त्याची मुले हरसूलला. त्यांना कळवल्याशिवाय माती कशी द्यायची? खंडेरावांनी क्षणभरही विचार केला नाही. "पुंजाला धाडा," ते म्हणाले. मयताचा निरोप महाराने न्यायचा, ही गावाची रीत. मंडळात आजवर जो जो गेला त्याचा निरोप पुंजानेच नेला होता, आणि यात काही वावगे आहे असे एकाच्याही मनात आले नव्हते. मंडळातलाच महेबूब टांगेवाला शेजारीच बसला होता. त्याचा टांगा दारात उभा होता. त्याला कुणी विचारले नाही, आणि त्यानेही जीभ हलवली नाही.

पुंजाच्या छातीत बसऱ्याहून आणलेला खोकला होता. त्या आठवड्यात तर तापाने त्याचे अंग भट्टीसारखे तापले होते. त्याची बायको बयाबाई धावत जमादारांकडे आली आणि ओट्याखाली उभी राहून तिने पदर पसरला. माझा माणूस आज चार पावले चालायच्या लायक नाही, दुसऱ्या कुणाला धाडा, असे तिने काकुळतीने विनवले. जमादार वाईट माणूस नव्हते. त्यांना कसेसेच झाले. पण मयताचा निरोप घेऊन दुसरे कोण जाणार? मराठा गेला तर लोक तोंडात शेण घालतील. मोटारीने जाऊ दे म्हणजे त्रास होणार नाही, असे सांगून त्यांनी तिची समजूत घातली.

घरी येऊन तिने नवऱ्याची वाट अडवली.

"सतरंजीवर बसवत्यात, आन् निरोपाला बी तुम्हालाच धाडत्यात. ही कसली बरोबरी वो?"

पुंजा पागोटे गुंडाळत होता. "तिथं मी शिपाई हाय, बया," तो म्हणाला. "हुकूम मोडला तर मंग मी कोण उरलो?"

मोटारवाल्याने महाराला गाडीत घेतले नाही. पुंजा त्र्यंबकपर्यंत चालला आणि तिथून घाट चढून हरसूलला पोचला. गोटीरामाच्या घराबाहेर उभे राहून त्याने निरोप दिला. रीतीप्रमाणे घरच्यांनी त्याच्या पदरात वरून भाकरी टाकली. मयताची खबर आणणाऱ्याला घरात कोण घेणार? त्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत त्याने गावाबाहेर एका झाडाखाली अंग टाकले, आणि उजाडताच तो परत फिरला. त्र्यंबकच्या रस्त्यावर महेबूबला तो पडलेला दिसला. महेबूबने यात्रेकरूंना उतरवले, त्याला टांग्यात घातले आणि घोडे पिटाळले. नाशिक दिसायच्या आत पुंजाने डोळे मिटले. त्याच्या धोतराच्या पदरात ती भाकरी तशीच बांधलेली होती.

जमादारांच्या ओट्यावर मंडळी बसली होती. गोटीरामाच्या मातीची बोलणी चालली होती. पुंजाला त्याच्या घरी उतरवून महेबूब तिथे आला.

"जमादार, अपने में का एक और गया," तो कसाबसा म्हणाला.

खंडेराव फेटा सारखा करत उठले. "अरेरे! मग बसलात काय? पुंजाला बोलवा, निरोप धाडायचे आहेत."

महेबूबच्या मागून आलेली बयाबाई ओट्याखालून बोलली.

"पुंजाच गेला, जमादार."

खंडेरावांचा फेट्यावरचा हात खाली आला. आतून जमादारीणबाईंनी मयताची खबर ऐकली होती. हाताला वळण पडलेले! त्या भाकरी घेऊन आल्या आणि वरून टाकायला वाकल्या. बयाबाईने पदर पुढे केला नाही.

"भाकर नको, बाई. एक भाकर माझ्या घरात पडून हाय. त्यांचा भाऊ वणीला हाय, तुमची मंडळाची माणसं गावोगावी हायत. आता ह्यांचा निरोप कोण नेणार, तेवढं सांगा."

जमादारांच्या चुलतभावाने त्यांच्या कानाशी लागून सांगितले, की महाराचा निरोप घेऊन मराठा दारोदार फिरला तर तुझ्या पोरीला स्थळ मिळायचे नाही. खंडेरावांनी ते ऐकले. त्यांनी सतरंजीकडे पाहिले. मग वणीचा निरोप महेबूबकडे सोपवून ते ओट्यावरून उतरले आणि चालू लागले.

पहिलेच घर सावळीराम माळ्याचे, मंडळातल्या जुन्या सोबत्याचे. दार लोटलेले होते. मयताचा निरोप आहे, असे खंडेरावांनी बाहेरून सांगितले. आतून सावळीरामाच्या बायकोचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"खालीच थांब रे. वट्याला शिवू नको."

खंडेराव खालीच थांबले. बोलणे ऐकून सावळीराम बाहेर आला आणि जमादारांना पाहून वरमला. वर या, वर या, असे म्हणत त्याने त्यांचा हात धरला. खंडेरावांनी हात सोडवून घेतला.

"नको. पुंजा इथेच उभा राहायचा ना? मला आज इथेच उभे राहू दे. उद्यापासून मंडळाचा निरोप पाळीपाळीने जाईल, सावळीराम. उद्याची पाळी तुझी."

पुंजाच्या मातीला काही आले, काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांना निरोप पोचला नव्हता, असे मात्र कुणालाही म्हणता येणार नाही. वाचकहो, तुमच्याही घरी कधी ना कधी मयत होईल. कुणाला धाडायचे म्हणून तुमच्या तोंडी पहिले नाव कुणाचे येते, तेवढे एकदा ऐका.